दोन वार, चार बोटं कमी

आमच्या मैदानावर रिंग होती, नेट नव्हतं.
बॉल आतून गेला की बाहेरून
यावर रोज भांडण.
रेखा सोनकुसरे तर देवाची शपथ घ्यायची, खोटी.
गोळीबार चौकातून येता येता
बाबांनी एकदा ते भांडण ऐकलं
आणि मागावर उरलेल्या सुताची जाळी विणून दिली,
पांढऱ्यात मधेच एक आमसुली काठाचा धागा.
अकरा दिवस टिकली.
अकरा दिवस बॉल आत गेला की आवाज यायचा,
कुणी नवं लुगडं झटकावं तसा.

तेव्हा मी तेरा वर्षांची. आत्या म्हणायची,
"पोट्टी ताडावानी वाढून राह्यली,
हिच्या मापाचा पोरगा कुठून आणाचा?"
बाबा गज घेऊन मला चौकटीशी उभं करायचे.
"दोन वार. चार बोटं कमी."
कापडाचा माणूस,
उंचीला लांबी म्हणायचा.

मे महिन्यात साडेचारला उठायचं.
आठला सिमेंट तापायचं, बुटांचे तळवे धरून ठेवायचं.
ठवकर मॅडम शिट्टी ओल्या रुमालात गुंडाळायच्या,
नाहीतर ओठ भाजायचे.
एक अख्खा उन्हाळा त्यांनी
माझा उजवा हात ओढणीने कमरेला बांधून ठेवला.
डावा, डावा, डावा.
घरी मी भातही डाव्या हाताने कालवला,
आईने चमचा फेकून मारला.

मग करिअर.
हा शब्द फॉर्मवर असतो.
खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागले,
अजनीला, पार्सल ऑफिसात.
सकाळी प्रॅक्टिस, दुपारी बिल्ट्या.
वरच्या कप्प्यातली फाइल हवी असली
की सगळ्या माना माझ्याकडे.
"कोहाड मॅडम, जरा…"
चौदा वर्षं.
गावं विचाराल तर मला छपरं आठवतात स्टेडियमची,
आणि पलंगाबाहेर लटकणारे माझे पाय.

एकदाच, एका मोसमापुरता, खरा करार.
खेळायचे पैसे! पाठीवर नाव!
नावातलं एक अक्षर गळलं होतं,
मी दुरुस्त करून घेतलं नाही,
जर्सी परत मागतील म्हणून.
तिथलं नेट नायलॉनचं, कोरं.
त्याचा आवाज कात्रीसारखा.
पुढच्या वर्षी लीग बंद पडली.
शेवटचा हप्ता अजून यायचाय.

गुडघा पाटण्याला गेला.
उतरताना पाय कुणाच्या तरी बुटावर पडला.
तो आवाज मला ओळखीचा वाटला,
ताणा तुटतो तेव्हाचा.
माग भंगारात जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती.
बाबा दवाखान्यात स्टुलावर बसले,
पट्टी सोडली तेव्हा वाकून टाके बघत राहिले.
"बारीक घातलाय," म्हणाले,
"डॉक्टर चांगला कारागीर आहे."
त्यापुढे काही बोलले नाहीत.
मलाही बॉल सोडून काही बोलता येत नव्हतं.

आता बॉलमधून निवृत्त.
ऑफिसात सव्वीस वर्षं बाकी.
परवा संध्याकाळी पोत्याची सुतळी घेऊन मैदानावर गेले.
रिंग तीच, जरा वाकलेली.
मी पुरे दोन वार, पण रिंग तिच्या जागी.
बोकड्यांच्या इशिकाला खांद्यावर उभं केलं.
नऊ वर्षांची पोरगी, खिशात गोटे असावेत इतकी जड.
गुडघा बोलला. बोलू दिलं.

"झालं का वं?"
"थांबा ना बे, मॅडम."

गाठी चुकत होत्या, खालून दिसत होतं.
तीन दिवस टिकेल. चार.
घाम डोळ्यात उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता.
मागून पोरी ओरडत होत्या, आधी कोण मारणार यावरून,
आणि वरून हुकूम,
"हलू नका, मॅडम. हलून राह्यल्या तुम्ही."